मंगळवारचा पेला

टँकरच्या रांगेत पुरुष उभा राहत नाही, हा काही कुठे लिहिलेला कायदा नव्हता. पण औसा रस्त्यालगतच्या त्या वस्तीत तो सगळ्यांना पाठ होता. म्हणूनच त्या सकाळी आपल्या पुढे, तीन बायकांच्या पलीकडे, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक तरुण पितळी घागर घेऊन उभा असलेला पंचशीलाने पाहिला, तेव्हा आधी तिचा स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास बसेना.

घागर त्याने काखेत धरली होती. फाईल धरावी तशी.

"अय्यो, ही कोण नवी सूनबाई आली म्हणायची?" शरणम्मा मोठ्याने म्हणाली. शरणम्मा उदगीरकडची, पंचशीलाची शेजारीण. तिच्या तोंडात कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजत.

तरुण वळला. चेहरा गंभीर, कान मात्र लाल. "मी गंगम्मा मावशींच्या नंबरावर उभा आहे. त्यांना दिसत नाही. परवा त्या इथंच घसरून पडल्या, म्हणून..."

"मग त्यांचा पदर बी घ्या की डोस्क्यावर!"

रांग हसली. तोही हसला — थोडा उशिरा, परवानगी मिळाल्यासारखा. पंचशीलाला बोलायचे नव्हते. परक्या माणसाशी तर नव्हतेच. तरी शब्द निसटले.

"घागर कमरेवर घ्यायची असते."

"घेऊन पाहिली. राहत नाही."

"राहील कशी? पुरुषांना कंबर असते, पण तिचा उपयोग माहीत नसतो."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. बायका मात्र इतक्या हसल्या की टँकरचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून पाहू लागला. त्याच क्षणी त्या तरुणाने भरलेली घागर उचलली... आणि तिच्यातले अर्धे पाणी त्याच्या सदऱ्यावरून, चपलांवरून, फुफाट्यात गेले.

हसणे थांबले. त्या वर्षी सांडलेल्या पाण्याला कुणी हसत नसे. मातीने ते पाणी असे ओढून घेतले, की डाग पडायलाही वेळ मिळाला नाही.

तो खाली पाहत उभा राहिला. आपला नंबर आल्यावर पंचशीलाने घागर भरली, सरळ त्याच्यापाशी गेली आणि आपल्यातले पाणी त्या पितळी घागरीत ओतू लागली, ती भरेपर्यंत.

"हे गंगम्माचं आहे," ती म्हणाली. "तुमचं नाही."

"माझं काहीच नसतं," तो हळूच म्हणाला. "मी फक्त पोचवतो."

हे वाक्य ती घरी घेऊन आली. अर्ध्या भरलेल्या घागरीबरोबर. घागर हलकी होती, मग चालताना पाय जड का वाटत होते, ते तिला उमगले नाही.

*

लातूर जिल्हा झाला, त्याला तेव्हा चार वर्षेही पुरी झाली नव्हती. कचेऱ्यांच्या पाट्या कोऱ्या होत्या आणि फायलींवर जुन्या जिल्ह्याचेच शिक्के होते. नवेपण फक्त रंगात होते. आकाश तेच जुने, दोन वर्षांपासून पांढरेफटक. नांदेडच्या कॉलेजातून बी. ए. होऊन पंचशीला सोनकांबळे आईकडे परतली, तेव्हा आई गावात उरली नव्हती. निलंग्याकडची कोरडी शिवारे मागे टाकून ती लातूरच्या कडेला रोजगार हमीवर खडी फोडायला आली होती. त्या खडीचीच कपची उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली. डाव्यात मोतीबिंदू आधीपासून होता. केवळाबाईच्या जगात मग फक्त उजेड आणि काळोख एवढेच दोन रंग राहिले.

आणि एका मंगळवारी सकाळी तोच पांढरा सदरा दारात उभा राहिला. हातात घागर नव्हती, पण फाईल होती. काखेतच.

"केवळाबाई सोनकांबळे इथंच राहतात?" मग त्याने तिला पाहिले, आणि पुढचे वाक्य विसरला.

"इथंच," पंचशीला म्हणाली. "आज कुणाच्या नंबरावर उभे आहात?"

"आज... माझ्याच."

त्याचे आडनाव दिवेकर. गंजगोलाईमागे एका तेलगिरणीच्या माडीवर कुटुंब सहाय्य मंडळाची खोली होती, तिथून तो आला होता. मुंबईच्या बेने इस्राएल लोकांचे ते मंडळ. पूर्वी ते आपल्याच विधवा, आपलीच पोरकी मुले, आपलेच एकटे म्हातारे सांभाळत असे. दुष्काळाच्या बातम्या वाचून मंडळाच्या बायकांनी ठरवले, की एक खोली लातुरातही उघडायची आणि कुणाची जात-पात, धर्म-देव विचारायचा नाही. वस्तीला यातले इस्राएल वगैरे काही ठाऊक नव्हते. शनिवारी दार लागलेले असते म्हणून लोक त्याला 'शनवारबंद हापीस' म्हणत. पंचशीलानेही तेवढेच ऐकले होते, आणि 'दिवेकर' म्हणजे कोकणातले कुणी बामण असणार असे मनाशी धरले होते. केवळाबाईचे नाव त्यांच्या यादीत शरणम्माने परस्पर घालून टाकले होते.

तो बाहेरच्या दगडी ओट्यावर बसला. आत ये म्हटले तरी बसला ओट्यावरच. डोळा कधी दुखावला, रात्री ठणकतो का, घरात कमावते कोण... विचारणे हळुवार होते. जखमेवरची पट्टी सोडवताना बोटे जशी थांबत थांबत चालतात, तसे.

"पंचे," केवळाबाई म्हणाली, "सायबाला पाणी दे की गं. उन्हातून आलेत."

पंचशीलाने पेला घासला. पुन्हा घासला. माठातल्या तळाच्या पाण्यातून वरचे निवळ पाणी घेतले आणि पेला त्याच्यापुढे ठेवला.

त्याने पेल्याकडे पाहिले. ओठ कोरडे होते, हे तिने पाहिले होते. मग त्याने पेला दोन बोटांनी, अगदी अदबीने, बाजूला सारला.

"नको. राहू दे."

एवढेच. पण त्या दोन बोटांच्या अंतरात पंचशीलाला आपला आजा दिसला — पाटलाच्या वाड्याबाहेर ओंजळ करून बसलेला, वरून ओतले जाणारे पाणी पिणारा. छप्पनच्या धम्मदीक्षेआधीची ती गोष्ट आई सांगे, तेव्हा ती पुस्तकातल्या राजाराणीइतकी लांबची वाटे. आज ती ओट्यावर येऊन बसली होती. इस्त्रीचा सदरा घालून.

तो गेल्यावर ती पेला ओतायला दाराबाहेर आली. दुष्काळात पाणी फेकवत नाही. ओट्याच्या कडेला कुठूनसे बी पडून उगवलेले बोटभर उंचीचे लिंबाचे रोप होते. तिने पेला त्याच्या मुळाशी रिकामा केला.

"घे," ती म्हणाली. "तुला तरी चालतंय का बघ."

*

मग मंगळवार येत राहिले.

आणि पंचशीलाच्या मनात एक विचित्र कालगणना सुरू झाली. सोमवारी तिला राग येई. उद्या तो येणार म्हणून. बुधवारीही राग येई. काल तो गेला म्हणून. मंगळवारी तेवढा राग यायला हवा, तेव्हाच नेमका तो सापडत नसे.

तो आईला डॉक्टरकडे घेऊन गेला, रांगेत उभा राहिला, तिच्यासाठी कागद भरले. पंचशीलासाठी जिल्हा कचेरीतल्या लिपिकाच्या जागेचा अर्ज आणला. ती परीक्षा देऊन आली, तेव्हा पेपरपेक्षा तिचा आवाज कसा झाला आहे हेच तो लक्ष देऊन ऐकत होता. आणि दर मंगळवारी केवळाबाई म्हणे, पाणी दे. दर मंगळवारी पंचशीला पेला ठेवी. दर मंगळवारी दोन बोटे तो बाजूला सारत.

एकदा तिने मुद्दाम विचारले, "तुमचं हापीस शनिवारी बंद का असतं? मारुतीचा उपास?"

"मारुती आमच्यात नाही," तो हसून म्हणाला. "माझं नाव रूबेन. आम्ही यहुदी. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली."

बामण नव्हता तर. मग पाणी?... तिच्या रागाचा एक खांब हलला, पण छप्पर पडले नाही. जात काय, कुठेही शिकता येते.

"लातुरात तेल्यांना तोटा नाही," ती शेवटी म्हणाली. "एक शनिवारचा कमी होता."

"म्हणून तर आलो."

"मग शनिवारी करता काय?"

"लिहीत नाही, वाहनात बसत नाही, चूल पेटवत नाही. पोटासाठी काही म्हणजे काहीच करत नाही."

"आणि जे पोटासाठी नसतं ते?"

त्याने फाईलची नाडी उगाच सोडली, पुन्हा बांधली. "ते करायला हरकत नाही. पण ते काय... ते अजून ठरवलेलं नाही."

तो गेल्यावर शरणम्मा कुडाच्या फटीतून म्हणाली, "यव्वा, एक सांगू का? ह्यो सायेब साऱ्या वस्तीला ताई म्हणून राहिला, मावशी म्हणून राहिला. तुला काय म्हणतो?"

पंचशीलाने आठवून पाहिले. तो तिला काहीच म्हणत नसे. 'तुम्ही' म्हणे, 'ऐका ना' म्हणे. नाव नाही, नाते नाही.

"काहीच म्हणत नाही."

"हाव. त्येच तर!"

"त्येच तर काय? पाणी चालत नाही, तिथं नाव कसं चालंल?" ती फणकारली. पण रात्रभर त्या न घेतलेल्या नावाची जागा उशाशी रिकामी राहिली.

*

सहाव्या आठवड्यात ती गंगम्माच्या झोपडीत पाणी पोचवायला गेली. शरणम्मा तिथेच ज्वारी निवडत बसली होती.

"तुमचा तो सायेब," गंगम्मा आंधळे डोळे छपराकडे लावून म्हणाली, "लई गुणाचा हाय. पर माझ्या घरचं पाणी घेत न्हाई गं. आंधळीचं भांडं, नीट घासलेलं नसंल, असं वाटत असंल त्येला. गळ्यात लिंग हाय माझ्या, तरी बी..."

पंचशीलाच्या हातातली घागर थांबली. "तुमच्याकडं पण घेत नाही?"

"कुणाकडं घेतो?" शरणम्माने सूप ठेवले. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. "माझ्याकडं बी न्हाई. मला वाटलं, नवऱ्यानं टाकलेली बाई, म्हणून घेत नसंल."

ज्वारीतला एक खडा शरणम्माने बोटांत धरून ठेवला होता.

नकार एकच होता आणि वस्तीतल्या प्रत्येक बाईने तो आपापल्या दुखऱ्या जागेवर नेऊन ठेवला होता. पंचशीला परत निघाली तेव्हा तिच्याजवळ सहा आठवड्यांचा जपलेला राग होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. राग गेला तर खाली काय उरते, ते पाहायची तिला भीती वाटली.

पुढच्या मंगळवारी तिने पेला ठेवला आणि तो सारायच्या आधीच विचारले, "तुम्ही कुणाच्याच घरचं पाणी का घेत नाही?"

तो गोंधळला. "मंडळाचा नियम आहे. ज्या घराची फाईल उघडी, त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आमचं मंडळ काढणाऱ्या बाई लहानपणी फार गरिबीत होत्या. मदत द्यायला माणसं यायची आणि त्यांना चहा द्यायचा म्हणून त्यांची आई शेजारून साखर उसनी आणायची. बाईंनी पहिला नियम हाच लिहिला. मदत घेणाऱ्याला उसनं आणायला लावू नये. इथं तर पाणीच साखरेच्या भावाचं."

"मग सांगितलं का नाही?"

"बाकी कुणी विचारलं नाही. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घ्या हो एक घोट, कोण बघतंय." तो थांबला. "आणि मी घेतला असता."

आत खोकल्याचा आवाज आला. केवळाबाईला दिसत नसे. ऐकू मात्र फार छान येई.

"तुम्हाला ठाऊक आहे," पंचशीला म्हणाली, "आमच्या दारात पाणी नाकारणं म्हणजे काय असतं? माझ्या आज्याला वरून ओतायचे पाणी. तुम्ही पेला सारलात... सहा वेळा सारलात. मी सहा वेळा मोजलं."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "माझ्या आजोबांच्या हातचं तेल गावाला चालायचं. पाणी चालायचं नाही. मला तर कळायलाच हवं होतं."

उठून तो वस्तीत गेला. गंगम्माकडे, शरणम्माकडे, एकेका दारात उभा राहून नियम सांगत, माफी मागत. दुपार कलेपर्यंत त्याचा पांढरा सदरा झोपड्यांतून दिसत राहिला. पंचशीला ओट्यावरून पाहत होती. पेला अजून भरलेलाच होता. लिंबाच्या रोपाला तिने त्या दिवशी जरा उशिराच पाणी घातले.

*

आता सगळे स्पष्ट व्हायला हवे होते. झाले उलटेच.

नियमाने त्याचा नकार समजावला. पण मग त्याच नियमाने बाकीचे सगळे समजावले नाही का? त्याचे येणे, त्याचे ऐकणे, आईला हात धरून रिक्षात बसवणे... तेही मंडळाचेच. गंगम्माच्या घागरीसाठी जो उभा राहतो, तो कुणासाठीही उभा राहील. माझं काहीच नसतं, मी फक्त पोचवतो. मग या दारात तो काय पोचवत होता? मंडळाची माया, की स्वतःची? दयेलाही तसेच डोळे असतात का?

केवळाबाईच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाली आणि तिने पहिल्यांदा लेकीकडे पाहिले. "वाळलीस की गं," एवढेच म्हणाली आणि रडली. त्या आठवड्यात रूबेन केळीच्या पानात काहीतरी झाकून घेऊन आला. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वर फळांच्या फोडी.

"मलिदा," तो म्हणाला. "आमच्यात नवस फेडताना करतात."

"नवस कुणी केला होता?"

"मी." मग घाईने, "मावशींच्या डोळ्यासाठी."

"मंडळाच्या नियमात नवस बसतो?"

"बंदी नाही. मी वाचून पाहिलं."

केवळाबाई हसली. पंचशीलाही हसली. खोबऱ्याचा तो ओला वास त्या कोरड्या ओट्यावर कुठल्या तरी समुद्राची बातमी घेऊन आल्यासारखा वाटला.

"आई सांगायची," तो म्हणाला, "आमचा एक नबी दुष्काळात एका विधवेच्या दारात गेला. सगळ्यात आधी त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं."

"म्हणजे नबी पाणी घेतात. तुम्ही घेत नाही."

"नबी मंडळाचे नोकर नव्हते."

त्याने पेला सारला. पण या वेळी बोटे पेल्यावर जरा जास्तच वेळ राहिली. ते रोप आता वीतभर झाले होते. त्याच्याकडे पाहून तो म्हणाला, "भाग्यवान आहे लेकाचा. माझ्या वाट्याचं सगळं हाच पितो."

*

शुक्रवारी पोस्टमन आला. सरकारी पाकीट, वर सिंहांचा छाप. जिल्हा कचेरीत लिपिक म्हणून नेमणूक. सोमवारपासून नव्हे, त्यापुढच्या सोमवारी हजर व्हायचे होते.

पंचशीला ओट्यावर बसून राहिली. अशा पत्राची ती वर्षभर वाट पाहत होती. आईच्या हातातली हातोडी या एका कागदाने कायमची सुटणार होती. आणि या एका कागदाने घर कमावते झाले, की फाईल बंद होणार होती. मंगळवार बंद होणार होते.

आईला सांगायला ती उठली. आणि पाकीट पिठाच्या डब्याखाली सरकवून परत आली.

फक्त एक मंगळवार, तिने स्वतःला सांगितले. चोरी कुणाची झाली? आपल्याच नोकरीची. मग लाज का वाटते? आणि लाज वाटते, तर मंगळवारची वाट का पाहतो आपण?... या प्रश्नांनी तिला चार दिवस चुलीपाशी भाकरी करपवायला लावली.

मंगळवारी तो आला. बोलणे नेहमीचेच. परीक्षेचे काही कळले का, त्याने विचारले. ती म्हणाली, "नाही अजून."

"पंचे," आतून केवळाबाई म्हणाली, "त्या पिठाच्या डब्याखाली सिंव्हाचा कागद हाय, त्यो कशाचा गं? शुक्रवारपासून बघून राहिले म्या."

ज्या डोळ्यासाठी त्याने नवस केला होता, त्याच डोळ्याने तिला पकडले होते.

तिने पाकीट आणून त्याच्या हातात दिले. वर पाहिले नाही. त्याने पत्र वाचले, पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख वाचली, पुन्हा पत्र वाचले.

"शुक्रवार," तो म्हणाला.

"हो."

"आज मंगळवार."

"हो."

"तुम्ही..." तो बोलता बोलता थांबला. तिला वाटले, आता तो रागावेल. निदान हसेल तरी. पण त्याने फाईल उघडली, शेवटचा कागद काढला आणि लिहू लागला. अक्षर नेहमीसारखे वळणदार नव्हते, एवढेच तिला उलटे दिसले. केवळाबाईने अंगठा उठवला.

"अभिनंदन," तो उठत म्हणाला. "हा कागद मुंबईला जाईल. तिथल्या बाई सही करतील... फोनवरून कळवतील शुक्रवारपर्यंत. मग या घरी मंडळाचं काही काम राहणार नाही."

पेला तिथेच होता. अकरावा. त्याने पाहिला, आणि दोन बोटांनी सारला.

"अजून उघडी आहे फाईल," तो कसाबसा म्हणाला आणि निघाला. रस्त्याच्या वळणावर मागे वळून पाहील म्हणून ती उभी राहिली. त्याने पाहिले नाही.

"संपलं," ती रोपाला म्हणाली. पेला ओतताना अर्धे पाणी भलतीकडेच गेले.

बुधवारी तिने ठरवले की ती दयाच होती. गुरुवारी ठरवले, नव्हती. शुक्रवारी आभाळ भरून आले, तासभर वस्तीवर थांबले आणि एक थेंबही न देता औशाकडे निघून गेले. पंचशीलाने नव्या नोकरीसाठी साडीला इस्त्री केली. त्यात पदर जाळला.

*

शनिवारी सकाळी रस्त्यावर धूळ दिसली नाही, रिक्षा वाजली नाही. तरी शरणम्माची हाक आली, "यव्वा! शनवारबंद हापीस चालत येऊन राहिलंय बघ!"

तो पायी आला होता, गंजगोलाईपासून, उन्हातून. पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. काखेत फाईल नव्हती. हात रिकामे असल्याने त्यांचे काय करावे, हे त्याला कळत नव्हते.

पंचशीला दारात उभी राहिली. तिने जे येत होते ते केले — टोमणा मारला.

"आज कुणाच्या नंबरावर?"

"काल दुपारी फोन आला. फाईल बंद झाली." त्याने श्वास घेतला. "आज शनिवार. आज मी पोटासाठी काही करत नाही. जे करायचं ते आज ठरलंय."

"काय ठरलंय?"

"मंगळवारी रागावलो होतो मी. तुमच्यावर नाही. महिन्याभरापूर्वीच मला या घराची फाईल दुसऱ्या कुणाकडं द्यायला हवी होती. नियम तसाच आहे. मन गुंतलं तर फाईल सोडायची. मी सोडली नाही. म्हटलं, फाईल सोडली तर यायचं कशाच्या निमित्तानं? आणि तुम्ही ते पाकीट डब्याखाली ठेवलंत... तेव्हा कळलं, की आपण दोघं एकाच मंगळवारची चोरी करत होतो."

तिच्या डोळ्यांपुढे ओटा, रोप, पांढरा सदरा सगळेच पाण्यात पाहिल्यासारखे हलले.

तो ओट्यावर बसला नाही. उंबऱ्यापाशी आला आणि अकरा मंगळवार न घेतलेले ते नाव त्याने घेतले.

"पंचशीला, मला तहान लागली आहे. पाणी देशील?"

ती आत गेली. पेला घासला नाही; घासायचे सुचलेच नाही. माठातून पाणी घेतले, दारात आली आणि पेला त्याच्या हातात दिला. बोटांना बोटे लागली आणि कुणीच ती मागे घेतली नाहीत.

त्याने पेला वर धरला नाही. सरळ ओठांना लावला. डोळे मिटून, सावकाश, आजवरचे सगळे राहिलेले घोट एकत्र घेत असल्यासारखा प्यायला आणि अर्ध्यावर थांबला.

"आई चिडेल," तो म्हणाला. "मुंबईहून लांबलचक पत्र येईल. बहीण तिकडं इस्राएलातल्या बीरशेबाहून आणखी लांबलचक पाठवील. मग महिन्याभरानं आई मलिदा करील. मला तिचा स्वभाव ठाऊक आहे. आणि तुझी माय?"

"माझी माय दाराआड उभी आहे. तिला आता सगळं दिसतं."

"म्या कुठं बघून राहिले?" दाराआडून आवाज आला. "म्या भाकरी थापून राहिले."

तो हसला. पेल्यात अर्धे पाणी उरले होते. त्याने सवयीने लिंबाच्या रोपाकडे पाहिले आणि पेला तिच्याकडे केला, मुळाशी ओतायला म्हणून.

पंचशीलाने पेला घेतला. त्याच्या ओठांचा ओला ठसा कडेवर अजून होता. दुष्काळात पाणी फेकवत नाही. तिने तीच कड आपल्या ओठांना लावली आणि उरलेले सगळे पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, पिऊन टाकले.

मग रिकामा पेला रोपाकडे उलटा करून दाखवला.

"आज तू टँकरची वाट बघ," ती रोपाला म्हणाली.